शेषरावांच्या दाराचं तांबं

डोणगावात शेषरावांना बिनकामाचा माणूस म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण त्यांची जमीन मोठी होती. ती दुसरेच लोक बटाईने कसत. शेषराव सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध ओढून ओट्यावरच्या खाटेवर येऊन बसत आणि दुपारच्या जेवणापर्यंत गावाला शहाणं करत. मग जेवून झोपत. उठल्यावर उरलेल्या गावाला शहाणं करत.

त्यांची सून संजीवनी मलकापूरहून लग्न होऊन या घरात आली तेव्हा ओट्यावर लोहचुंबकाचा जमाना चालू होता. पाण्याच्या पाइपाला चुंबक बांधलं की पाण्यात जोर येतो आणि कपाशीला खत लागत नाही, असं शेषरावांनी कुठल्याशा मेळाव्यात ऐकलं होतं. त्या वर्षी शेजारच्या वावरातली कपाशी कमरेला लागली आणि यांची गुडघ्यावरच अडली. चुंबक गेलं, कडुनिंब आला. घरातल्या प्रत्येकाने रोज सकाळी वाटीभर रस प्यायचा असा हुकूम निघाला. शेषराव स्वतः पीत नसत. त्यांना तो कडू लागे.

संजीवनीने सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. सुरुवातीला ती वाद घालत असे. याला काही पुरावा आहे का, असं तिने एकदा विचारलं, तर शेषराव तडक ओट्यावर गेले आणि सांगू लागले की आमची सून शिकेल हाय, तिले पुरावा लागते, आपल्याले अनुभव पुरते. ओटा पोट धरून हसला. त्या दिवसापासून तिने वाद घालणं सोडलं आणि सासऱ्यांना मनातल्या मनात तुच्छ लेखायला सुरुवात केली. त्यात कष्ट कमी होते आणि कुणाला कळतही नसे.

एक गोष्ट मात्र तिच्या डोळ्यांत रोज खुपे. हा माणूस हात धूत नसे. गाईच्या पाठीवरून हात फिरवायचा, त्याच हाताने तंबाखू मळायची, त्याच हाताने नाक साफ करायचं आणि त्याच हाताने आल्या-गेल्याच्या मुलांचे गाल ओढायचे. जेवायला बसताना तांब्यातलं पाणी बोटांच्या टोकांवर शिंपडत, देवाच्या फुलांवर शिंपडावं तसं. ती टोकं मग खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसत. त्या दुपट्ट्याने ते चष्मा पुसत, खाट झटकत आणि उन्हाळ्यात मान पुसत. दुपट्टा धुवायला टाका म्हटलं की म्हणत, परवाच तर धुतला.

असल्या घरात संजीवनीला मुलगी झाली. दिवस भरायच्या बऱ्याच आधी झाली. बुलढाण्याच्या दवाखान्यात ती कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. कोपरापर्यंत धुतलेला हात पेटीच्या गोल छिद्रातून आत घालून संजीवनी तिच्या पावलाला एक बोट लावी, तेवढीच काय ती भेट. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी औषधांची नावं पटपट सांगितली, पण हातांचं सावकाश सांगितलं. जो कुणी हिच्याजवळ जाईल त्याने साबणाने हात धुवायचे, घरचा असो की बाहेरचा. मोठ्यांना जे दोन शिंकांत निभावतं ते हिला निभावायचं नाही.

संजीवनीने घरी आल्याबरोबर ओट्याच्या पायरीशी बादली, मग आणि साबण ठेवला. ही सोय एक दिवस टिकली. पाहुण्यांना दारातच हात धुवायला लावायचे म्हणजे ते घाणेरडे आहेत असं तोंडावर सांगायचं, हे शेषरावांच्या इभ्रतीत बसेना. संध्याकाळी बादली साबणासकट गोठ्यात गेली. संजीवनीने नवऱ्याला सांगितलं. हर्षलचं मेहकर रोडला कृषी केंद्र होतं. कुठल्या पिकावर कुठलं औषध किती मारायचं ते तो शेतकऱ्यांना दटावून सांगे, पण उंबऱ्याच्या आत आला की त्याचा आवाज बसे. जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, एवढंच तो म्हणाला. त्याचं नेहमीचं वाक्य तेच होतं.

आणि मग तांबं आलं.

शेषरावांनी मोबाइलवर कसलीशी चित्रफीत पाहिली आणि ते फोन पुढे धरून थेट स्वयंपाकघरात आले. "पाहाय संजीवनी, तुहे सायन्सवालेही आता हेच सांगून राह्यले." परदेशातल्या दवाखान्यांत दाराची हँडलं, पलंगाच्या दांड्या, नळ असं जे जे हजार हातांना लागतं ते तांब्याचं करतात, कारण तांब्यावर जंतू जगत नाहीत, असं त्यात होतं. संजीवनीने नेहमीप्रमाणे खोटेपणा शोधायला म्हणून रात्री वाचून काढलं आणि तिला धक्काच बसला. ते खरं होतं. हयातीत पहिल्यांदा सासऱ्यांच्या हाती खरी गोष्ट लागली होती.

सकाळी ती आपणहून त्यांच्याशी बोलायला गेली. हे खरं आहे, ती म्हणाली. पण तांबं उघडं राहायला हवं. ते काळं पडेल, पडू द्यायचं, काळं झालं तरी काम करतं, फक्त रोज पुसून घ्यायचं. आणि ते स्वतःच्या अंगावर पडलेले जंतू मारतं, तेसुद्धा वेळ घेऊन. धरणाऱ्याचे हात काही ते धुऊन देत नाही, साबण लागतोच. एवढं सगळं तिने नीट सांगितलं. शेषरावांनी 'हे खरं आहे' इथपर्यंत ऐकलं आणि ते ओट्यावर निघून गेले.

मेहकरच्या एका लेथवाल्याने तांब्याच्या जाड सळईची दोन हँडलं वाकवून दिली. एक बाहेरच्या दाराला बसलं, एक बाळाच्या खोलीच्या दाराला. नारळ फुटला, हँडलांना हळदकुंकू लागलं. संजीवनी मनात म्हणाली, असू दे. हे यांच्या हातून चुकून का होईना, पण चांगलं झालं.

ते चांगलं फार दिवस राहिलं नाही. तांबं काळवंडू लागलं. शेषरावांच्या घरात काळं तांबं म्हणजे बाईची अब्रू गेल्यासारखं. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई लग्न झाल्यापासून चिंच आणि राख घेऊन घागरी, बंब, ताम्हणं घासत आल्या होत्या. आता त्यात ही दोन हँडलं वाढली. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायम भेगा असत. भाकरीचं पीठ मळताना मीठ लागलं की त्या डोळे मिटून घेत. रोज सकाळी त्या हँडल लखलखीत करत आणि संध्याकाळपर्यंत लोकांचे हात लागून ते पुन्हा मळकं होई.

ओट्यावरचा मोतीराम एकदा म्हणाला, "शेषरावभाऊ, तांबं म्हनून लोखंड तं नाई दिलं बे लेथवाल्यानं?" पुन्हा ओटा हसला, पण या वेळी शेषरावांवर हसला. ते त्यांना सोसलं नाही. दुसऱ्याच दिवशी फर्निचरला पॉलिश करणारा गोकुळ डबा-ब्रश घेऊन हजर झाला. त्याने दोन्ही हँडलं घासून चकचकीत केली आणि वर पारदर्शक लॅकरचे थर चढवले. हँडल आता काचेत ठेवलेल्या दागिन्यासारखं दिसू लागलं. काळं पडायचं नावच नाही. घासायची गरजही उरली नाही, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी मात्र सुटकेचा श्वास टाकला.

संजीवनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती तशीच उठून ओट्याच्या दारापर्यंत आली. "मामाजी, आता लोकांचा हात तांब्याला लागतच नाही. लॅकरला लागतो."

शेषरावांनी ओट्याकडे एक नजर टाकली, सगळे ऐकत आहेत याची खात्री केली. "काचेतून ऊन घरात येते का नाई?"

"येतं."

"मंग? तसाच तांब्याचा गुणही येते बाहेर."

मोतीरामने मान डोलावली. संजीवनीला सासऱ्यांच्या बोलण्यापेक्षा त्या मान डोलावण्याची जास्त किळस आली. एक माणूस मूर्ख असला तर घर सांभाळून घेतं. पण त्याच्यासमोर रोज सकाळी चहा पिणारे पाचसात जण मान डोलावायला असले की तो मूर्ख राहत नाही, तो पुढारी होतो.

पुढचा प्रताप शालूबाईंचा. शेजारच्या गल्लीतल्या या म्हाताऱ्या बाई बाळंतिणीची चौकशी करायला आल्या. आत येताना त्यांनी हँडल धरलं आणि ती बोटं सवयीने आधी कपाळाला, मग दोन्ही डोळ्यांना लावली. ताम्हण तांब्याचं, कलश तांब्याचा, देवाच्या पाण्याची पळी तांब्याची. इतकं चमकणारं तांबं दारात दिसल्यावर बिचारीचा हात आपोआप गेला असेल. त्यांना दोष द्यायला संजीवनीचंही मन धजलं नाही. शेषरावांनी मात्र ते पाहिलं आणि त्यांचे डोळे लकाकले. तांबं डोळ्यांना थंड असतं, हे ज्ञान त्यांना त्याच क्षणी झालं. मग येणाऱ्या प्रत्येकाला ते खाटेवरूनच सांगू लागले, "हात लावा, डोळ्याले लावा, मंग आत जा." लोकही लावू लागले. काही जण आत कामच नसताना नुसते लावायला येऊ लागले. जंतू कमी व्हावेत म्हणून बसवलेलं हँडल गावातली सर्वांत जास्त हात लागणारी वस्तू झालं, आणि लागलेला प्रत्येक हात थेट डोळ्यांना जात होता. ठरवून रोग पसरवायचा म्हटलं असतं तरी कुणाला इतकं नेमकं जमलं नसतं.

त्या पावसाळ्यात जिल्हाभर डोळ्यांची साथ आली. शाळेतली निम्मी मुलं लाल डोळे घेऊन घरी बसली. साथ नजरेतून पसरते यावर गावाचं एकमत होतं. नजर मिळाली की डोळे आले. त्यामुळे एसटी स्टँडवरचे काळे गॉगल संपले आणि शेषरावांचा ओटा जुन्या सिनेमातल्या टोळीसारखा दिसू लागला. सगळे गॉगलखालून पाणी टिपत आणि त्याच बोटांनी एकमेकांची तंबाखू घेत. गॉगल आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला?

नेमकं याच दिवसांत शेषरावांनी बारसं काढलं. जन्मानंतर दवाखान्यात गेलेले दिवस त्यांना खटकत होते. पहिली नात, एवढं मोठं घर, आणि गावाने अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणजे काय. संजीवनीने डॉक्टरीणबाईंना फोन केला. एवढ्याशा जिवाला डोळ्यांचा संसर्ग झाला तर तो खेळ नाही, गर्दी नकोच, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. तिने ते हर्षलला सांगितलं, हर्षलने चाचरत वडिलांना सांगितलं, आणि वडिलांनी साऱ्या घराला ऐकू जाईल असं उत्तर दिलं की दाराले तांबं शोभेले बसवलं काय?

बारशाच्या दिवशी मांडव पडला. पाळणा बाळाच्या खोलीतच बांधला होता. नाव ठेवायला हर्षलची बहीण छाया आली होती. ती आल्या आल्या न सांगता हात धुऊन आली, म्हणून संजीवनीने तिला आत घेतलं. खोलीच्या उघड्या दारातून बाहेरचं दार सरळ दिसत होतं. गॉगल लावलेले शेषराव तिथे पुजाऱ्यासारखे उभे होते. गॉगल ते दोन दिवसांपासून मिरवत होते. संजीवनीला वाटलं, आहे नवीन, म्हणून ऐट.

ओट्यावरचा कचरू आला. त्याने गॉगल वर सरकवला, वाहणारे डोळे बोटांनी निपटले आणि त्याच बोटांनी हँडल धरलं. मग ती बोटं भक्तिभावाने पुन्हा डोळ्यांना लावली. त्याच्या मागे त्याची बायको. तिने कडेवरच्या लेकराला उचलून त्याचाही हात लावला. त्यांच्या मागे मोतीराम. त्याच्या मागे अंगणभर माणसं. सगळ्यांना पाळण्यात वाकून बाळाचा गाल धरायचा होता.

संजीवनी पाळण्याजवळून दाराशी आली. तिने दार लोटलं आणि कडी घातली.

बाहेर आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दारावर थाप पडली. शेषरावांनी दार उघडायला सांगितलं, लोक खोळंबले आहेत म्हणाले. तिने आतून सांगितलं की ज्याने साबणाने हात धुतले, त्यालाच आत घेईन. आणि ज्याचे डोळे आले आहेत त्याने धुतले तरी येऊ नये. बाहेर कुजबुज झाली. तांब्याले हात लावून आले सारे, असं शेषराव आवाज चढवून म्हणाले.

तिने दार हातभर उघडलं आणि स्वतः त्या फटीत उभी राहिली. "मामाजी, तुमचा गॉगल काढा."

"काऊन?"

"काढा."

ते काढीनात. त्यांच्या मागे अन्नपूर्णाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट हर्षलच्या हातात दिलं, पुढे झाल्या आणि भांड्यावरचं झाकण उचलावं तसा नवऱ्याच्या नाकावरचा गॉगल उचलला. आतले डोळे टोमॅटोसारखे लाल होते, पापण्या सुजून चिकटलेल्या. गावाला रोज सकाळी करून दाखवायचं म्हणून शेषराव सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा ते हँडल डोळ्यांना लावत आले होते. डोळे आल्याचं त्यांना दोन दिवसांपासून माहीत होतं. तरी ते नातीला पाळण्यात घालायला निघाले होते.

कुणी हसलं नाही. मोतीराम या वेळी मान डोलवायलाही विसरला.

अन्नपूर्णाबाईंनी गोठ्यातून साबण आणला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. त्या एरवी चारचौघांत तोंड उघडत नसत. "तांबं घासू घासू माहे हात फुटले," त्या म्हणाल्या. "आता एक बार तुमी तुमचे हात घासा."

शेषराव न्हाणीकडे गेले. त्यांनी हात धुतले. लहान मुलाने कुणी बघतंय म्हणून धुवावेत तसे, फेस काढून, मनगटापर्यंत धुतले. परत येताना खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि हात कोरडे केले. सकाळपासून ते त्याच दुपट्ट्याने डोळे टिपत होते.

"पुन्हा," संजीवनी म्हणाली.

ते वळून परत न्हाणीत गेले. आत मात्र तिने त्यांना त्या दिवशी घेतलंच नाही. छायाने बाळाच्या कानात नाव सांगितलं, अन्नपूर्णाबाईंनी धुतलेल्या भेगाळ हातांनी पाळण्याला झोका दिला. शेषरावांनी नातीचं नाव खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं. जेवणं मांडवात झाली. सुनेने माणसांना दारातून परत पाठवलं ही चर्चा पुढे कितीतरी दिवस पुरली, आणि तिने ती पुरू दिली.

त्यानंतरच्या दिवसांत ती रोज उजाडताच बाळाला उजेडात नेऊन पापण्यांचे कोपरे बघे. गावात साथ चढली, उतरली. ओट्यावरचा एकही जण सुटला नाही. बाळाचे डोळे स्वच्छ राहिले.

दरम्यान तिने पॉलिशपेपर आणून दोन्ही हँडलांवरचं लॅकर खरवडून काढलं. अन्नपूर्णाबाईंना तिने बजावलं की हे आता घासायचं नाही, फक्त पुसायचं. हँडल काळपट पडलं, मध्ये मध्ये चॉकलेटी डाग आले. असलं काळं तांबं कोण डोळ्यांना लावणार? लोकांचे हात कपाळाकडे जायचे थांबले. शालूबाईसुद्धा नुसतं दार ढकलून आत येऊ लागल्या. पायरीशी बादली, मग आणि साबण आले आणि या वेळी ते हलले नाहीत, कारण अन्नपूर्णाबाई तिथेच तांदूळ निवडत बसत.

शेषराव सुधारले असं कुणी समजू नये. डोळे बरे झाल्यावर ते पुन्हा खाटेवर बसले. एका सकाळी संजीवनी बाळाला तेल लावत होती तेव्हा तिने त्यांचं बोलणं ऐकलं. जिल्हाभर डोळे आले, पण माह्या नातीले काही झालं का, असं ते मोतीरामला विचारत होते. तांबं हाय दाराले, मंग कसं होईन? मोतीराम मान डोलावत होता.

तिने खिडकीतून पाहिलं. नातीला घ्यायचं म्हणून शेषराव नुकतेच पायरीवर हात धुऊन बसले होते. दुपट्ट्याला पुसायची बंदी होती. त्यामुळे दोन्ही ओले हात अंगापासून लांब, वर धरून, कोपरांवरून पाणी गळत असताना ते तांब्याचं माहात्म्य सांगत होते.